इंटरप्ट बंद करणं सोपं, चालू करणं अवघड: व्हर्टआयओचा पेपर पुन्हा वाचताना



पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की सिस्टिम्समधला पेपर वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं? अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचायचा, आलेख बघायचे, शेवटचा परिच्छेद वाचायचा आणि 'अमुक टक्के सुधारणा' एवढं वहीत उतरवायचं, इतपत आपण सगळेच करतो. मीही पहिलं वर्षभर तेच केलं. म्हणून आज मुद्दाम असा पेपर घेतलाय जिथे ही पद्धत चालतच नाही, कारण त्यात उतरवून घ्यायला टक्केवारी जवळपास नाहीच.

पेपर रस्टी रसेल यांचा, २००८ सालचा, एसीएमच्या 'ऑपरेटिंग सिस्टिम्स रिव्ह्यू'मध्ये आलेला. नाव आहे 'व्हर्टआयओ: टुवर्ड्स अ डी-फॅक्टो स्टँडर्ड फॉर व्हर्च्युअल आय/ओ डिव्हायसेस'. नावात जी इच्छा होती ती खरी झाली. केव्हीएमवर चालणाऱ्या असंख्य व्हर्च्युअल मशिन्समध्ये नेटवर्क कार्डाच्या जागी आजही व्हर्टआयओ-नेट असतं, आणि पुढे ओएसिस या संस्थेने व्हर्टआयओचं स्पेसिफिकेशनही प्रसिद्ध केलं.

मला या पेपरमधल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय: व्हर्च्युअल नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या पेपरने इंटरप्टकडे खर्च म्हणून पाहिलं आणि तो खर्च फार हुशारीने कमी केला. पण इंटरप्ट हा निरोपसुद्धा असतो. तो दाबला की खर्चाबरोबर माहितीही जाते. ही दुसरी बाजू पेपरमध्ये कच्ची राहिली आणि ती भरून काढायला पुढची बरीच वर्षं लागली.

आधी खर्च समजून घेऊ

साध्या, खऱ्या नेटवर्क कार्डापासून सुरुवात करू. पॅकेट आलं, कार्डाने इंटरप्ट दिला, सीपीयूने हातातलं काम सोडून ड्रायव्हरचा कोड चालवला. एक जीबीपीएसची लाइन पूर्ण भरलेली असेल आणि पॅकेट नेहमीची १५०० बाइटची असतील, तर सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेट येतात. पॅकेट सगळ्यात लहान आकाराची असतील तर हाच आकडा १४ लाख ८८ हजारांवर जातो. पॅकेटमागे एक इंटरप्ट धरला तर मशीन दुसरं काही करूच शकणार नाही.

हे नुसतं कागदावरचं भय नव्हतं. जेफ्री मोगुल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ च्या युसेनिक्स परिषदेत 'रिसीव्ह लाइव्हलॉक'वर पेपर मांडला. भार एका मर्यादेपलीकडे गेला की यंत्रणा सगळा वेळ पॅकेट आत घेण्यात घालवते, वरच्या थराला ती प्रोसेस करायला वेळच मिळत नाही, आणि अर्धवट काम झालेली पॅकेट शेवटी टाकून द्यावी लागतात. मशीन दमेपर्यंत राबतंय आणि बाहेर काहीच पडत नाही, अशी ती अवस्था. त्यांच्या उपायाचा गाभा साधा होता: पहिला इंटरप्ट आला की इंटरप्ट बंद करा, पॅकेट स्वतः जाऊन उचला, आणि सगळी संपली की इंटरप्ट पुन्हा चालू करा. लिनक्समध्ये ही कल्पना २००१ च्या सुमारास एनएपीआय या नावाने आली. तिथे एका फेरीत उचलायच्या पॅकेटची मर्यादाही असते, बहुतेक ड्रायव्हरमध्ये ६४, म्हणजे एकाच कार्डाने सीपीयू अडवून ठेवू नये.

आता हेच व्हर्च्युअल मशीनच्या आत आणा. इथे कार्डच खोटं आहे. इंटरप्ट 'देणारा' म्हणजे होस्टवर चालणारा कोड, आणि घेणारा गेस्टमधला ड्रायव्हर. २००८ च्या हार्डवेअरवर चालू गेस्टला एक इंटरप्ट पोचवायचा तर आधी त्याला थांबवून होस्टमध्ये बाहेर काढावं लागे, याला व्हीएम एक्झिट म्हणतात. मग परत आत जाताना इंटरप्ट घुसवायचा. गेस्टने काम संपवून 'झालं' असं इंटरप्ट कंट्रोलरला कळवलं की पुन्हा एक एक्झिट.

एक ढोबळ हिशोब करू. यातला सायकलचा आकडा मी सोयीसाठी धरलेला आहे, मोजलेला नाही. समजा एका इंटरप्टमागे दोन एक्झिट आणि प्रत्येकाला एकूण २००० सायकल, म्हणजे ४०००. सेकंदाला ८१ हजार इंटरप्ट म्हणजे सुमारे ३२ कोटी सायकल. अडीच गिगाहर्ट्झच्या कोअरकडे सेकंदाला २५० कोटी सायकल असतात, म्हणजे जवळपास १३ टक्के कोअर नुसती दारावरची घंटा वाजवण्यात गेला. लाइन दहा जीबीपीएसची केली तर १३० टक्के. म्हणजे एक अख्खा कोअरही पुरत नाही, आणि अजून एकाही पॅकेटवर काम झालेलं नाही.

खऱ्या कार्डावर इंटरप्ट महाग असतो, व्हर्च्युअल कार्डावर तो अवाच्या सवा महाग होता. हे डोक्यात ठेवूनच पेपर वाचायला हवा.

पेपर काय मांडतो

पेपरची सुरुवात एका तक्रारीने होते. त्या वेळी लिनक्स कर्नलमध्ये किमान ८ वेगवेगळ्या व्हर्च्युअलायझेशन यंत्रणांना आधार होता: झेन, केव्हीएम, व्हीएमवेअरची व्हीएमआय, आयबीएमच्या तीन, यूजर मोड लिनक्स, आणि रसेल यांची स्वतःची एलगेस्ट. प्रत्येकाचं डिस्क, नेटवर्क, कन्सोल असं बिऱ्हाड वेगळं, त्यातल्या युक्त्या वेगळ्या आणि चुकाही वेगळ्या. रसेल यांचं म्हणणं, ड्रायव्हर एकच लिहू आणि खालचा जोड बदलू.

त्यासाठी त्यांनी 'व्हर्टक्यू' ही कल्पना मांडली. ड्रायव्हरला रांगेवर पाचच क्रिया करता येतात. बफर रांगेत टाकणे, समोरच्याला ढोसणे, वापरून झालेला बफर परत घेणे, कॉलबॅक बंद करणे आणि कॉलबॅक चालू करणे. पेपरच्या भाषेत अ‍ॅड-बफ, किक, गेट-बफ, डिसेबल-सीबी आणि एनेबल-सीबी. कॉलबॅक म्हणजे आपल्या भाषेत इंटरप्टच.

खाली मेमरीत दोन्ही बाजूंना दिसणारी एक रिंग असते. तिचा एक भाग गेस्ट लिहितो ('हे बफर घे'), दुसरा होस्ट लिहितो ('हे वापरून झाले'). दोन्ही भागांवर एकेक फ्लॅग. गेस्टच्या फ्लॅगचा अर्थ 'मला इंटरप्ट देऊ नकोस', होस्टच्या फ्लॅगचा अर्थ 'मला ढोसू नकोस'. इंटरप्ट बंद करायला कुठल्याही रजिस्टरला हात लावायचा नाही, एक्झिट नाही. आपल्याच मेमरीत एक बिट लिहायचा आणि पुढे जायचं.

यातली नजाकत बघा. जुन्या पद्धतीने खऱ्या कार्डाची नक्कल केली असती तर इंटरप्ट बंद करण्यासाठीही कार्डाच्या रजिस्टरवर लिहावं लागलं असतं, आणि ते लिहिणं म्हणजे आणखी एक एक्झिट. इंटरप्ट टाळण्याच्या क्रियेलाच इंटरप्टइतका खर्च. व्हर्टआयओमध्ये ती क्रिया जवळपास फुकट झाली.

आणखी एक गोष्ट. हा फ्लॅग हुकूम नसून सूचना आहे. फ्लॅग लावल्यानंतरही एखादा इंटरप्ट येऊ शकतो आणि ड्रायव्हरने तो निमूटपणे सोसायचा. चुकून आलेल्या इंटरप्टने फक्त थोडा वेळ वाया जातो, काही बिघडत नाही. उलट दिशेला मात्र सूट नाही: हवा असलेला इंटरप्ट कधीही हरवता कामा नये. 'जास्तीचा चालेल, कमी चालणार नाही' हा सगळ्या रचनेचा कणा आहे.

पेपरमधली सगळ्यात चांगली गोष्ट: एक बूलियन

पाच क्रियांची यादी वाचताना मी पहिल्यांदा एक गोष्ट सपशेल चुकवली होती. डिसेबल-सीबी काहीच परत देत नाही. एनेबल-सीबी मात्र हो किंवा नाही असं उत्तर देतं. का?

शहरातल्या कुठल्याही सोसायटीचं उदाहरण घ्या. पार्सल आलं की वॉचमन इंटरकॉम वाजवतो. दिवाळीच्या आठवड्यात दर पाच मिनिटाला फोन. शेवटी तुम्ही खाली जाता आणि म्हणता, 'काका, आता फोन नका करू, मी इथेच उभा आहे, टेबलावर ठेवत जा, मी उचलतो.' हे डिसेबल-सीबी. तुम्ही पार्सलं उचलता. टेबल रिकामं झालेलं बघता. मग वॉचमनकाकांना सांगायला वळता, 'आता फोन केलात तरी चालेल.' हे एनेबल-सीबी.

गोची कुठे होते? तुम्ही टेबल रिकामं बघितलं त्या क्षणानंतर, आणि 'आता फोन करा' म्हणालात त्याआधी, एक पार्सल आलं. काकांच्या लेखी अजून 'फोन करू नका' हाच निरोप होता, म्हणून त्यांनी फोन केला नाही. तुमच्या लेखी टेबल रिकामं, म्हणून तुम्ही वर निघून गेलात. दोघांनीही नियम पाळला आणि पार्सल टेबलावर पडून राहिलं.

उपाय असा की आधी 'फोन करा' सांगायचं आणि मग टेबलाकडे पुन्हा एकदा बघायचं. काही दिसलंच तर वर जायचं नाही. एनेबल-सीबी हेच करतं: फ्लॅग काढतं, रिंग पुन्हा तपासतं, आणि काही शिल्लक असेल तर 'नाही' म्हणून परत येतं, म्हणजे 'झोपू नकोस, काम आलंय'. ही शर्यत टिपेत किंवा तळटीपेत नाही, फंक्शनच्या सहीतच आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला उत्तर हातात घ्यावंच लागतं. मला विचाराल तर पेपरमधला सगळ्यात मोठा विचार या एका बूलियनमध्ये आहे, आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

हे मला शहाणपणाने कळलं नाही, ठेच लागून कळलं. प्रयोगासाठी मी रिसीव्हचा मार्ग नव्याने लिहीत होतो आणि ती दुसरी तपासणी 'रिकामी तर आहे, पुन्हा काय बघायचं' म्हणून काढून टाकली. सगळं चाललं. सरासरी लेटन्सी तशीच, थ्रूपुट तसाच. दोन आठवडे मी त्यावर पुढचे प्रयोग रचत राहिलो. मग गाइडनी सहज विचारलं, 'सरासरी ठीक आहे, सगळ्यात वाईट वेळ किती?' बघितलं तर हजारो विनंत्या मायक्रोसेकंदांत, आणि मधूनच एखादी बरोबर २०० मिलिसेकंदांच्या आसपास.

हा आकडा ओळखीचा वाटला पाहिजे. लिनक्सच्या टीसीपीमध्ये पुन्हा पाठवण्याआधी थांबायची किमान वेळ २०० मिलिसेकंद असते. उत्तराचं पॅकेट रिंगमध्ये येऊन पडलं होतं, पण इंटरप्ट हरवला होता. शेवटी टीसीपीने कंटाळून पॅकेट पुन्हा पाठवलं, त्यामुळे नवीन पॅकेट आलं, त्याचा इंटरप्ट वाजला, आणि आधीचं पार्सलही सापडलं. टीसीपीने माझी चूक झाकली होती. यूडीपी असतं तर अ‍ॅप्लिकेशन कंटाळेपर्यंत सगळं थांबलं असतं. दोन आठवड्यांचे आकडे टाकून दिले.

अजून एक पायरी आहे. क्रम कोडमध्ये बरोबर लिहिला तरी प्रोसेसर तो पाळेलच असं नाही. गेस्ट फ्लॅग लिहितो आणि मग रिंगचा आकडा वाचतो. होस्ट आकडा लिहितो आणि मग फ्लॅग वाचतो. आधीचं लिहिणं आणि नंतरचं वाचणं यांची अदलाबदल एक्स८६ सुद्धा करतो, जो एरवी क्रमाच्या बाबतीत बराच सोवळा आहे. दोन्ही बाजूंना मध्ये पूर्ण मेमरी बॅरिअर नसेल तर दोघांनाही समोरच्याची जुनीच अवस्था दिसू शकते आणि इंटरप्ट हरवतो. बॅरिअर असतील तर दोघांपैकी किमान एकाला तरी समोरच्याचं नवीन लिखाण दिसतंच, आणि तेवढं पुरतं.

यात खास 'व्हर्च्युअल' खोच अशी. एकाच सीपीयूसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये एसएमपी बॅरिअर नाहीसे होतात, कारण 'दुसरा सीपीयू आहेच कुठे?' पण गेस्टला एक सीपीयू दिसत असला तरी त्याच्याशी बोलणारा होस्ट दुसऱ्या खऱ्या कोअरवर चालू असतो. म्हणून लिनक्समध्ये पुढे व्हर्च्युअल मशिनसाठी वेगळे बॅरिअर आले. एका सीपीयूच्या गेस्टमध्ये बसून 'इथे शर्यत होऊच शकत नाही' असं म्हणणारा विद्यार्थी चुकतो, कारण शर्यतीतला दुसरा धावपटू त्याच्या मशीनबाहेर असतो.

आता जिथे पेपर कमी पडतो

पहिली उणीव: फ्लॅगला दोनच अवस्था आहेत. 'फोन करा' किंवा 'करू नका'. पण ड्रायव्हरला खरं म्हणजे असं म्हणायचं असतं, 'दहा पार्सलं साठली की फोन करा.' पाठवण्याच्या बाजूला हे फार जाणवतं. रिंगमध्ये २५६ बफर भरलेत, ते रिकामे होताहेत. पहिला रिकामा झाल्याबरोबर इंटरप्ट नको, सगळे रिकामे होईपर्यंत थांबणंही नको. दोन अवस्थांच्या फ्लॅगने हे सांगता येत नाही.

ही त्रुटी २०११ च्या सुमारास 'इव्हेंट इंडेक्स' या सुविधेने भरली. फ्लॅगऐवजी ड्रायव्हर रिंगमध्ये एक आकडा लिहितो: 'तुझा मोजणीचा काटा इथे पोचला की मला कळव.' लिनक्सच्या कोडमध्ये त्यावर एक उशिरा इंटरप्ट मागणारं फंक्शन आहे, ते बाकी असलेल्या बफरपैकी तीन चतुर्थांश वापरून झाल्यावर इंटरप्ट मागतं. तीन चतुर्थांशच का, याचं उत्तर कुठल्या सिद्धांतात नाही, तो अनुभवाचा अंदाज आहे. एखाद्याला संशोधनाचा प्रश्न हवा असेल तर असा स्थिरांक बघून थांबायला शिका.

इथे पेपरला अर्धे गुण परत द्यावे लागतात. नव्या सुविधेसाठी जुने ड्रायव्हर मोडावे लागले नाहीत. दोन्ही बाजू सुरुवातीला 'तुला काय काय येतं' हे बिटांनी ठरवून घेतात, ही रचना पेपरमध्येच होती. उणीव राहिली, पण ती भरून काढायची वाटही त्यांनीच ठेवली होती.

दुसरी उणीव मला जास्त गंभीर वाटते. पॅकेट पाठवल्यावर येणारा 'गेलं' हा इंटरप्ट अनावश्यक वाटतो. पॅकेट गेलं, आता कशाला कळवताय? बफर मोकळे करायचे तर पुढचं पॅकेट पाठवायला येऊ तेव्हा करू. काही वर्षं लिनक्सचा व्हर्टआयओ-नेट ड्रायव्हर असाच वागायचा: पाठवण्याच्या बाजूचा इंटरप्ट शक्य तेवढा बंद, आणि पॅकेट रिंगमध्ये टाकताच त्याचं सॉकेटशी असलेलं नातं तोडून टाकायचं, जणू ते गेलंच. थ्रूपुट आणि सीपीयू मोजणाऱ्याला हे छानच दिसतं.

पण सॉकेटला काय कळतं? त्याच्या लेखी पॅकेट निघून गेलं, प्रत्यक्षात ते रिंगमध्ये पडून आहे. त्यामुळे 'जरा थांब, आधीचं अजून गेलेलं नाही' हा दाब मागे पोचतच नाही आणि प्रोग्राम रिंग भरत राहतो. २०१२ मध्ये लिनक्समध्ये 'टीसीपी स्मॉल क्यूज' आलं. एका कनेक्शनची फार पॅकेट खालच्या रांगेत साठू नयेत, म्हणजे बाकीच्यांना ताटकळावं लागू नये, असा त्याचा हेतू. ते पूर्णपणे 'पॅकेट खरंच गेलं' या निरोपावर अवलंबून आहे. व्हर्टआयओ-नेटमध्ये तो निरोप खोटा होता, म्हणून गेस्टमध्ये ही यंत्रणा असून नसल्यासारखी.

२०१७ मध्ये विलेम डी ब्रुइन यांच्या पॅचमधून पाठवण्याच्या बाजूलाही एनएपीआय आलं. इंटरप्ट थोडे वाढले, पण निरोप खरा झाला. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवलं होतं, कारण काही कामांमध्ये वाढलेल्या इंटरप्टचा भुर्दंड दिसत होता. २०१९ मध्ये ते आपोआप चालू राहू लागलं. म्हणजे मूळ पेपरपासून अकरा वर्षांनी समाजाने ठरवलं, की हा इंटरप्ट टाळायचा नाही, त्याची किंमत मोजायची.

तिसरी उणीव मोजमापाची. पेपरमध्ये निरनिराळ्या कामांवर केलेली सविस्तर तुलना नाही. घाईत वाचणारा म्हणेल, 'मग हा पेपर कसला?' हे मला मान्य नाही. पेपरचा दावा 'आम्ही इतके टक्के वेगवान' असा नाहीच. दावा असा आहे की आठ यंत्रणांना एक साधी, वाढवता येणारी जोडणी पुरेल. त्याचा पुरावा आलेखात मिळणारा नव्हता, लोक ती स्वीकारतात का यात मिळणार होता आणि मिळाला. पण इंटरप्ट दाबण्याबद्दल मात्र आकडे हवे होते. किती इंटरप्ट वाचले, त्या बदल्यात लेटन्सीचं काय झालं, आणि थोड्या वाहतुकीत काय दिसलं. असा एक जरी तक्ता असता, तरी पाठवण्याच्या बाजूचा प्रश्न कुणाच्या तरी नजरेला आधी पडला असता, असं मला वाटतं. थ्रूपुट हा एकच आकडा बघितला की निरोप हरवल्याचं दिसत नाही. माझ्या दोन आठवड्यांचं तरी दुसरं काय झालं होतं?

पण २००८ च्या माणसाला २०१९ च्या फुटपट्टीने मोजायचं का?

हा आक्षेप रास्त आहे आणि टीका लिहिताना तो स्वतःवर घ्यायला हवा. टीसीपी स्मॉल क्यूज पेपरनंतर चार वर्षांनी आलं. जे अस्तित्वातच नव्हतं ते बिघडवल्याचा दोष रसेल यांना देता येणार नाही. शिवाय त्यांची पाच फंक्शनं कुणाला इंटरप्ट बंद ठेवायला भाग पाडत नाहीत, तो निर्णय ड्रायव्हरचा.

किंमतही बदलली आहे. २०१२ च्या 'एली' या पेपरने सॉफ्टवेअरच्या युक्तीने दाखवलं, की थेट जोडलेल्या कार्डाचे इंटरप्ट होस्टला न उठवता गेस्टपर्यंत पोचवता येतात. २०१३ च्या सुमारास इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरमध्येच इंटरप्ट कंट्रोलरचं व्हर्च्युअलायझेशन आलं आणि अनेक एक्झिट नाहीसे झाले. इंटरप्ट स्वस्त झाल्यावर 'निरोप महत्त्वाचा' म्हणणं सोपं आहे. एका इंटरप्टमागे दोन एक्झिट भरणाऱ्या माणसाने तो दाबायला प्राधान्य दिलं, यात गैर काय?

तरीही माझा मुद्दा उभा राहतो. मोगुल आणि रामकृष्णन यांचा इशारा १९९६ चा होता: कमी इंटरप्ट हे ध्येय नव्हे, शेवटपर्यंत काम पार पडणं हे ध्येय. खऱ्या कार्डांमध्ये वेळेवर आधारलेली इंटरप्टची जुळवाजुळव, म्हणजे 'इतके मायक्रोसेकंद थांब किंवा इतकी पॅकेट साठू दे', तेव्हाही सर्रास होती. व्हर्टआयओच्या स्टँडर्डमध्ये नेटवर्क कार्डासाठी तशी सोय बऱ्याच वर्षांनी आली. रसेल यांनी शर्यतीचा प्रश्न मुळापासून सोडवला आणि धोरणाचा प्रश्न ड्रायव्हरवर सोडला. सोडायला हरकत नाही, पण 'हा प्रश्न आम्ही सोडतोय' हे एका परिच्छेदात लिहिलं असतं तर पुढच्यांना वाट लवकर सापडली असती.

तुम्ही यातून काय घ्याल

पेपर वाचताना आलेखांच्या आधी इंटरफेस वाचा. कुठलं फंक्शन काय परत देतं आणि का, हे प्रत्येक ओळीला विचारा. जिथे उत्तर पटकन मिळत नाही तिथे बहुधा लेखकाने कधीतरी रात्र घालवलेली असते.

'आम्ही अमुक टाळलं' असं वाक्य दिसलं की विचारा, की टाळलेली गोष्ट कुणाला काही सांगत होती का? इंटरप्ट, अ‍ॅक्नॉलेजमेंट, लॉग, कॉपी, काहीही असो. खर्च एका थरात दिसतो आणि निरोप दुसऱ्या थरात लागतो, म्हणून एका थरात बसलेल्याला तो फुकटची बचत वाटतो.

आणि हे घरी करून बघा. लॅपटॉपवर केव्हीएमचं एक व्हर्च्युअल मशीन उभं करा, आत प्रॉक डिरेक्टरीतली इंटरप्ट्सची फाइल उघडा आणि व्हर्टआयओच्या इनपुट व आउटपुट रांगांचे आकडे लिहून ठेवा. मग आयपर्फने एक मिनिट डेटा आत घ्या, एक मिनिट बाहेर पाठवा. पॅकेटची संख्या भागिले इंटरप्टची संख्या काढा. मग तेच पिंगसारख्या सावकाश वाहतुकीवर करा. भाग किती बदलतो ते बघा आणि का बदलतो हे दोन ओळींत लिहा. सरासरीबरोबर सगळ्यात वाईट वेळही लिहा, निदान मी केलेली चूक तरी तुमच्याकडून होणार नाही.

ते दोन ओळींचं उत्तर लिहिता आलं, तर हा पेपर तुम्ही वाचला असं समजा.